पहिल्या प्लेटवर न दिसलेलं जनुक

पार्श्वभूमी

तालुक्याच्या गावातल्या एका मध्यम रुग्णालयात मी सूक्ष्मजीवशास्त्र विभाग सांभाळते. विभाग म्हणजे दोन खोल्या, एक इन्क्युबेटर, एक ऑटोक्लेव्ह, एक फ्रिज आणि १८ वर्षं प्लेटी वाचत आलेल्या आमच्या टेक्निशियन ताई. जनुकं ओळखणारी पीसीआर चाचणी नाही, यंत्रावर होणारी सेन्सिटिव्हिटी नाही. पू येतो, तो ब्लड अगार या वाढीच्या माध्यमावर लावतो. दुसऱ्या दिवशी जंतू ओळखतो, म्युलर-हिंटन अगारवर त्याचं लॉन, म्हणजे सलग पातळ थर, पसरतो आणि वर औषधांच्या डिस्क ठेवतो. तिसऱ्या दिवशी डिस्कभोवतीचं मोकळं वर्तुळ, म्हणजे झोन, पट्टीनं मोजून रिपोर्टवर एस किंवा आर लिहितो. एस म्हणजे औषध लागू पडेल, आर म्हणजे पडणार नाही. डॉक्टर त्या एका अक्षरावर विसंबून चिठ्ठी लिहितात.

खाली सांगितलेल्या रुग्णाची ओळख पटू नये म्हणून वय, काम आणि तारखा बदलल्या आहेत.

रुग्ण ४६ वर्षांचा शेतकरी. उसाच्या खोडव्यात काम करताना तोडलेल्या उसाचा बुडखा पोटरीत घुसला. जखम बाहेरून लहान दिसत होती म्हणून घरी हळद भरली, मग गावातल्या दवाखान्यात धनुर्वाताचं इंजेक्शन आणि गोळ्या घेतल्या. आठवड्याभरात पोटरी टणक झाली, ताप चढला. आमच्या सर्जननी चीर देऊन बराच पू काढला आणि त्यातला थोडा निर्जंतुक नळीत भरून आमच्याकडे पाठवला. सोबतच्या फॉर्मवर नाव, वय, वॉर्ड आणि ‘पोटरीचा गळू’ एवढंच होतं. ‘आधी घेतलेली औषधं’ हा रकाना कोरा होता. आमच्याकडे येणाऱ्या बहुतेक फॉर्मांत तो कोराच असायचा आणि त्याबद्दल आम्ही कधी कुणाला फोन केलेला नव्हता.

पुवात स्टॅफिलोकॉकस ऑरियस वाढला. सेफॉक्सिटिनच्या डिस्कभोवती झोन १६ मिलिमीटर आला, म्हणजे तो एमआरएसए, मेथिसिलिनच्या गटाला न जुमानणारा स्टॅफिलोकॉकस, होता. पेनिसिलिनच्या घराण्यातली नेहमीची औषधं बाद. इरिथ्रोमायसिनच्या डिस्कभोवती झोनच नव्हता. क्लिंडामायसिनभोवती मात्र २५ मिलिमीटरचं छान गोल वर्तुळ होतं. २१ आणि त्यापुढे एस, म्हणून आम्ही एस लिहिलं. लिनेझोलिड आणि को-ट्रायमॉक्साझोल हेही एस होते.

सर्जननी क्लिंडामायसिन निवडलं, आणि त्या रिपोर्टवर मीही तेच निवडलं असतं. तोंडानं घेता येतं, मऊ ऊतींत आणि हाडात चांगलं पोहोचतं, परवडतं. चौथ्या दिवशी ताप उतरला, रुग्ण गोळ्या घेऊन घरी गेला.

अडचण

अकराव्या दिवशी तो परत आला. पोटरी पुन्हा तापलेली, जखमेच्या कडेनं पू. गोळ्या चुकवल्या असतील, असं वॉर्डात सगळ्यांना वाटलं. त्याच्या बायकोनं पिशवीतून रिकाम्या पट्ट्या काढून टेबलावर ठेवल्या. तिनं दिवसवार मोजल्या होत्या. एकही गोळी चुकली नव्हती.

दुसऱ्यांदा पू आला. जंतू तोच, सेफॉक्सिटिनचा झोन जवळपास तेवढाच, को-ट्रायमॉक्साझोल आणि लिनेझोलिड पूर्वीसारखेच. बदललं होतं एकच. क्लिंडामायसिनच्या डिस्कला टेकून जंतू वाढला होता. झोन शून्य.

सर्जनांचा फोन आला तेव्हा त्यांचा आवाज शांत होता, पण प्रश्न नेमका होता. “मॅडम, दहा दिवसांत एसचा आर होतो का?”

मी म्हटलं, तपासून सांगते. खरं तर उत्तर मला माहीत होतं. एमएस्सीच्या परीक्षेत मी त्यावर दोन पानं लिहिली होती. फक्त ते ज्ञान रोजच्या बाकावर कधी उतरलं नव्हतं.

दबा धरून बसलेलं जनुक

यापुढचं सगळं या एका गोष्टीवर उभं आहे, म्हणून ती जरा सावकाश सांगते.

जिवाणूजवळ हजारो जनुकं असतात आणि सगळी एकाच वेळी चालू ठेवणं त्याला परवडत नाही. प्रथिन बनवायला अमिनो आम्लं लागतात, ऊर्जा लागते. शेजारचा जिवाणू तेवढी बचत करून झपाट्यानं दुप्पट होत असेल तर उधळ्या जिवाणूचा वंश मागे पडतो. म्हणून बहुतेक जनुकांना काही ना काही कुलूप असतं. पॅरिसच्या पाश्चर इन्स्टिट्यूटमध्ये फ्रान्स्वा जाकोब आणि जाक मोनो यांनी १९६१ साली ई. कोलायच्या लॅक ओपेरॉनमधलं असं कुलूप मांडून दाखवलं. दुधातली साखर, म्हणजे लॅक्टोज, नसेल तेव्हा एक दमनकारी प्रथिन डीएनएवर ठाण मांडून बसतं आणि ती साखर फोडणारं एन्झाइम जवळजवळ बनूच देत नाही. लॅक्टोज आलं की त्यापासून बनलेला एक रेणू त्या प्रथिनाला चिकटतो, प्रथिन डीएनएवरून सुटतं आणि जनुक वाचलं जाऊ लागतं. १९६५ साली आंद्रे ल्वॉफ यांच्यासह दोघांना नोबेल मिळालं. सूक्ष्मजीवशास्त्राचा विद्यार्थी ही आकृती काढतोच.

स्टॅफिलोकॉकसच्या अर्म जनुकाचं कुलूप वेगळ्या बनावटीचं आहे. अर्मपासून बनणारं एन्झाइम जिवाणूच्या रायबोसोमवर, म्हणजे प्रथिनं विणणाऱ्या यंत्रावर, एका ठरावीक जागी खूण करतं. २३एस आरएनएमधल्या २०५८ क्रमांकाच्या अ‍ॅडेनिनवर दोन मिथाइल गट बसतात. त्या जागेला धरूनच इरिथ्रोमायसिन, क्लिंडामायसिन आणि स्ट्रेप्टोग्रामिन-बी गटातली औषधं रायबोसोम रोखतात. खूण झाली की तिन्ही गटांची पकड सुटते. म्हणजे एका जनुकानं औषधांची तीन घराणी एकदम निकामी होतात.

पण या खुणेची किंमत जिवाणूलाही मोजावी लागते. खूण झालेला रायबोसोम काही प्रथिनं पूर्वीच्या प्रमाणात बनवत नाही, पेशीचा मेळ बिघडतो. म्हणून गरज नसताना अर्म बंद ठेवण्यात जिवाणूचा फायदा असतो.

अर्म-सी या त्याच्या एका प्रकारात ते बंद ठेवण्याची रीत मला आजही थक्क करते. इथं डीएनएवर बसणारा पहारेकरी नाही. जनुकाचा निरोप, म्हणजे संदेशवाहक आरएनए, तयार होतच असतो. पण तो अशा घड्या घालून बसतो की एन्झाइमच्या वाचनाची सुरुवातीची जागा घडीत दडते. त्या जागेच्या आधी १९ अमिनो आम्लांच्या एका छोट्या साखळीची ओळ असते. एरवी रायबोसोम ती ओळ सरळ वाचून निघून जातो आणि घडी मोडत नाही. आता थोडं इरिथ्रोमायसिन आत आलं असं समजा. ते रायबोसोमच्या त्या बोगद्यात बसतं जिथून नवी साखळी बाहेर पडते. असा रायबोसोम छोटी ओळ वाचायला लागतो आणि नवव्या अमिनो आम्लापाशी अडतो. तो तिथं अडून राहिल्यानं आरएनएची जुनी घडी उलगडते, नवी पडते, आणि दडलेली जागा उघडी होते. ज्या रायबोसोमांना अजून औषध चिकटलेलं नाही ते तिथं बसून एन्झाइम बनवू लागतात. पुरेशा रायबोसोमांवर खूण झाली की इरिथ्रोमायसिन बसायला जागा उरत नाही, छोट्या ओळीवर कुणी अडत नाही, घडी पुन्हा जागेवर येते आणि जनुक मिटतं. औषध हीच किल्ली, आणि काम झालं की दार आपोआप लागतं.

क्लिंडामायसिन ही किल्ली फिरवत नाही. तेही रायबोसोमला चिकटतं, पण छोट्या ओळीवर त्याला नेमक्या त्या जागी अडवत नाही. म्हणून ज्या जिवाणूजवळ मिटलेलं अर्म आहे, तो एकट्या क्लिंडामायसिनसमोर खरोखरच हरतो. प्लेटवर २५ मिलिमीटरचा झोन येतो. आम्ही मोजला तो झोन खोटा नव्हता. जंतूजवळचं शस्त्र त्या वेळी म्यानात होतं आणि ते आहे की नाही हे विचारायचं आमच्याकडून राहून गेलं.

मग माणसाच्या पोटरीत काय बिघडतं? गळूतल्या कोट्यवधी जिवाणूंपैकी एखाद्याच्या त्या छोट्या ओळीत, घडी पडते त्या भागात, आपसूक बदल झालेला असतो. त्याचं दार कायमचं उघडं राहतं. एरवी तो इतरांच्या मागे पडला असता. क्लिंडामायसिननं इतर सगळ्यांना रोखलं की मैदान त्याचंच. काही दिवसांनी पुवात सापडतात ते त्याचे वंशज.

फ्रिजमधली नळी

एमआरएसए सापडला की त्याचं एक संवर्धन न्यूट्रिएंट अगारच्या स्लँटवर, म्हणजे नळीत तिरप्या गोठवलेल्या माध्यमावर, काढून फ्रिजमध्ये ठेवायचं, ही ताईंची सवय. शिकाऊ मुलांना दाखवायला बरं पडतं म्हणून त्या ठेवायच्या. पहिल्या पुवातला जंतू त्यामुळेच हाती राहिला. तो ऑटोक्लेव्हच्या वाफेत नष्ट झाला असता तर ही हकिगत इथंच थांबली असती.

आम्ही दोन्ही जंतू नव्यानं वाढवले आणि डी-टेस्ट लावली. चाचणी अगदी साधी आहे. लॉनवर १५ मायक्रोग्रॅमची इरिथ्रोमायसिनची डिस्क आणि २ मायक्रोग्रॅमची क्लिंडामायसिनची डिस्क शेजारी-शेजारी ठेवायच्या, कडेपासून कडेपर्यंत १५ ते २६ मिलिमीटर अंतर राखून. ३५ अंशांवर १६ ते १८ तास. दोहोंच्या मधल्या पट्ट्यातल्या जिवाणूंना इरिथ्रोमायसिनचा थोडा स्पर्श होतो. त्यांच्याकडे मिटलेलं अर्म असेल तर ते उघडतं, आणि तेवढ्या बाजूनं जिवाणू क्लिंडामायसिनच्या वर्तुळात घुसून वाढतात. वर्तुळाची ती बाजू सपाट होते, आकार इंग्रजी डी अक्षरासारखा दिसतो.

सकाळी ताईंनी प्लेट उजेडासमोर धरली आणि काही न बोलता माझ्या हातात दिली. पहिल्या पुवातल्या जंतूचा झोन तीन बाजूंनी गोल, चौथ्या बाजूनं पट्टीनं कापल्यासारखा सरळ. पहिल्या दिवसाच्या प्लेटवर हेच जनुक होतं. फक्त त्या प्लेटवर आमच्या दोन डिस्क समोरासमोरच्या टोकांना होत्या. चिमट्यानं डिस्क ठेवताना ताईंचा एक ठरलेला क्रम होता, आणि त्या क्रमात या दोघी एकमेकींपासून सगळ्यात लांब पडायच्या.

दुसऱ्या पुवातल्या जंतूला डी-टेस्टची गरजच नव्हती, क्लिंडामायसिनभोवती झोन नव्हता. पण एक शंका उरत होती. हा जंतू तात्पुरता जागा झालेला आहे की कायमचा बदललेला? तात्पुरता असेल तर औषधाविना वाढवल्यावर त्याचं अर्म मिटेल आणि झोन परत येईल. आम्ही तो तीन दिवस सलग औषध नसलेल्या माध्यमावर उतरवला आणि मग पुन्हा डिस्क ठेवली. झोन आला नाही. दार कायमचं उघडलं होतं.

हे दोन्ही जंतू एकाच वंशाचे होते याचा जनुकीय पुरावा आमच्याजवळ नाही. बाकी सगळ्या औषधांना दोघांचा प्रतिसाद सारखा होता, जागा तीच होती, अंतर दहा दिवसांचं. मी ते एकाच वंशाचे मानते.

त्याच दिवशी दुपारी मी वॉर्डात जाऊन रुग्णाच्या बायकोशी बोलले. गावातल्या दवाखान्यात कोणत्या गोळ्या दिल्या होत्या, हे तिला नावानं सांगता येईना. तिनं घरी फोन लावला, मुलानं पट्टीचा फोटो पाठवला. अ‍ॅझिथ्रोमायसिन ५००, तीन दिवस. शेवटची गोळी आमच्याकडे दाखल होण्याच्या आदल्या रात्री घेतलेली.

अ‍ॅझिथ्रोमायसिन हे इरिथ्रोमायसिनचंच भावंड. तेही अर्मला जागं करतं, आणि ऊतींत कित्येक दिवस रेंगाळतं. म्हणजे आम्ही क्लिंडामायसिन सुरू केलं तेव्हा त्या पोटरीत दोन्ही औषधं एकत्र होती. प्लेटवर आम्ही न केलेली चाचणी शरीरात चालली होती. त्यामुळे सुरुवातीच्या दिवसांत जिवाणूंना आडोसा मिळाला असावा, अधिक जिवाणू टिकून राहिले असावेत, आणि त्यांच्यातला बदललेला वंश वर यायला वेळ मिळाला असावा. हा भाग माझा तर्क आहे. मिटलेलं जनुक आणि नंतरचं उघडं दार, हे दोन्ही मात्र प्लेटवर दिसलं.

समोरचे पर्याय

रुग्णासाठी आधी ठरवायचं होतं. क्लिंडामायसिनचा डोस वाढवावा, अशी पहिली सूचना वॉर्डातून आली. खूण झालेल्या रायबोसोमवर औषधाला पकडच नाही, मग दुप्पट डोसनं पोट बिघडण्यापलीकडे काही साधत नाही; हे आकृती काढून सांगितल्यावर ती मागे पडली. व्हॅन्कोमायसिन शिरेतून द्यावं लागतं, मुक्काम वाढतो. शिवाय स्टॅफिलोकॉकससाठी त्याची परीक्षा डिस्कनं होत नाही, एमआयसी, म्हणजे वाढ रोखणारी किमान मात्रा, काढावी लागते. लिनेझोलिड तोंडानं देता येतं, पण रक्तातल्या प्लेटलेट्सवर लक्ष ठेवावं लागतं आणि मला ते राखून ठेवायचं होतं. को-ट्रायमॉक्साझोल दोन्ही जंतूंना लागू होतं, स्वस्त होतं, रुग्णाच्या मूत्रपिंडाचं काम सांगणारं क्रिएटिनिन ठीक होतं आणि सल्फाची अ‍ॅलर्जी नव्हती.

सर्जनांनी त्यात एक भर घातली, आणि ती महत्त्वाची होती. सोनोग्राफीत स्नायूंच्या मागे पुवाचा एक कप्पा राहिलेला दिसला. पहिल्या वेळी तो उघडलाच नव्हता. तेव्हा अपयश एकट्या जनुकाचं नव्हतं. कोंडलेल्या पुवात औषध नीट पोहोचत नाही, आणि जिवाणूंची संख्या जितकी मोठी तितकी त्यांत एखादा बदललेला असण्याची शक्यता जास्त. हे त्यांनी सगळ्यांसमोर स्वतःहून सांगितलं, त्यामुळे पुढची चर्चा दोष कुणाचा यावर गेली नाही.

प्रयोगशाळेसाठी दुसरा निर्णय होता आणि त्यावर आम्ही जास्त वेळ घालवला. इरिथ्रोमायसिन आर आणि क्लिंडामायसिन एस अशी जोडी आली की चाचणी न करता सरसकट क्लिंडामायसिन आर लिहून टाकावं, हा सगळ्यात सोपा मार्ग. पण अशीच जोडी दुसऱ्या कारणानंही येते. काही स्टॅफिलोकॉकसांजवळ एमएसआर-ए नावाचं जनुक असतं. त्याचा आधार घेऊन ते इरिथ्रोमायसिनपासून बचावतात. क्लिंडामायसिन त्यांना खरंच लागू पडतं. त्या रुग्णांचं एक चांगलं, परवडणारं औषध आम्ही विनाकारण हिरावून घेतलं असतं. नमुने मोठ्या शहरात पीसीआरला पाठवणं खर्चाचं, आणि उत्तर येईपर्यंत सर्जनांनी औषध सुरू केलेलं असतं. अशी जोडी दिसल्यावर दुसऱ्या दिवशी वेगळी डी-टेस्ट लावायची, हा रिवाजही पुष्कळ ठिकाणी आहे. त्यात रिपोर्टला एक दिवस उशीर होतो.

ताईंनीच पट्टी घेऊन मोजायला सुरुवात केली. नेहमीच्या प्लेटवर डिस्कच्या केंद्रांमध्ये किमान २४ मिलिमीटर अंतर ठेवायचं असतं. डिस्क ६ मिलिमीटरची. म्हणजे कडेपासून कडेपर्यंत १८. “मॅडम, हे तर डी-टेस्टचंच अंतर आहे. या दोघी शेजारी ठेवल्या की झालं.” एक रुपया जास्त लागणार नव्हता. एक दिवस जास्त लागणार नव्हता. क्रम बदलायचा होता.

काय केलं

रुग्णाची पोटरी पुन्हा उघडली, मागचा कप्पा मोकळा केला, को-ट्रायमॉक्साझोल सुरू केलं आणि पोटॅशियम व क्रिएटिनिन मधून मधून तपासलं.

प्रयोगशाळेत इन्क्युबेटरच्या दारावर नव्या क्रमाची आकृती चिकटवली: स्टॅफिलोकॉकसच्या प्रत्येक प्लेटवर या दोन डिस्क शेजारी, मधे १५ ते २६ मिलिमीटर. आकृतीवर विसंबून न राहता ताईंनी २० मिलिमीटरची जाड पुठ्ठ्याची पट्टी कापून चिमट्याच्या डब्यात ठेवली. चाचणी बरोबर चालते की नाही हे पाहायला दोन प्रमाणित जंतू मागवले. एटीसीसी या जंतूसंग्रहातल्या बीएए-९७७ वर डी यायलाच हवा, बीएए-९७६ वर येता कामा नये.

वाचनाचा नियमही लिहून ठेवला. सपाट कड दिसली की आर. कड सपाट नसली तरी क्लिंडामायसिनच्या झोनमध्ये धूसर वाढ दिसली तर तेही आर. हा दुसरा भाग लिहिताना ताई थांबल्या. पहिल्या दिवशीच्या प्लेटवर झोनच्या आत दोन टाचणीएवढ्या वसाहती त्यांना दिसल्या होत्या. हवेतून काही पडलं असेल असं समजून त्यांनी सोडून दिलं होतं, मला दाखवलं नव्हतं. ती प्लेट आता नव्हती. त्या वसाहती म्हणजे उघड्या दाराचे बदललेले जिवाणूच होते का, ते तपासायची संधी गेली. ताईंना ते फार लागलं. मी त्यांना सांगितलं ते इथंही लिहिते: दिसलं तर दाखवा, असा नियम मी कधी घालून दिलेला नव्हता. आता आहे.

रिपोर्टची भाषा बदलली. डी आला तर क्लिंडामायसिनपुढे आर, आणि खाली ओळ: ‘या जंतूत क्लिंडामायसिनविरोधी प्रतिकार जागृत होऊ शकतो असे चाचणीत आढळले.’ फॉर्मवरचा आधीच्या औषधांचा रकाना कोरा आला तर वॉर्डात फोन करायचा, हेही ठरलं. सुरुवातीचे काही आठवडे त्या फोनांना नाखुशीनं उत्तरं मिळाली.

जुनं रजिस्टरही उघडलं. इरिथ्रो आर, क्लिंडा एस अशा जोड्या पानोपानी होत्या. ते जंतू ठेवलेले नव्हते, त्यामुळे त्यांतल्या किती जणांजवळ मिटलेलं अर्म होतं हे आता कधीच कळणार नाही. ते रजिस्टर बंद करताना मला जे वाटलं ते सांगणं अवघड आहे.

परिणाम

ताप तिसऱ्या दिवशी उतरला. जखम आतून भरत आली आणि कारखान्याचा पट्टा पडायच्या, म्हणजे गाळप संपायच्या, आत तो पुन्हा शेतात गेला. नवं औषध आणि मोकळा केलेला कप्पा, यांतल्या कोणाचा वाटा किती, हे एका रुग्णावरून ठरवता येत नाही.

नव्या क्रमाच्या पहिल्याच आठवड्यात आणखी एका प्लेटवर डी दिसला. त्या रुग्णाला अजून औषध सुरू झालेलं नव्हतं.

पुन्हा करायचं झालं तर

सगळ्यात मोठी चूक पहिल्या रिपोर्टवर होती आणि ती उघड्यावर होती. इरिथ्रोमायसिन शून्य, क्लिंडामायसिन २५. दोन्ही औषधं रायबोसोमच्या जवळजवळ एकाच जागी बसतात. एक पूर्ण निकामी आणि दुसरं पूर्ण लागू, हे दिसताच थांबायला हवं होतं. आम्ही प्रत्येक डिस्क स्वतंत्र प्रश्न म्हणून वाचत होतो.

दुसरी गोष्ट मला जास्त खुपते. जनुक जागं करून मग वाचायची युक्ती आम्ही रोज वापरत होतो. एमआरएसएच्या चाचणीला ऑक्सॅसिलिनऐवजी सेफॉक्सिटिनची डिस्क का वापरतात? कारण सेफॉक्सिटिन एमआरएसएला प्रतिकार देणाऱ्या मेक-ए जनुकाला अधिक चांगलं जागं करतं. त्याच प्लेटवर, त्याच सकाळी, एका जनुकाला आम्ही हलवून उठवलं आणि बोटभर अंतरावरच्या दुसऱ्याला झोपू दिलं. सेफॉक्सिटिनमागचं कारण मी विद्यार्थ्यांना कधी समजावून सांगितलं नव्हतं. डिस्क बदलली एवढंच सांगितलं होतं. कारण सांगितलं असतं तर कुणीतरी विचारलं असतं की मग इतर जनुकांचं काय. आता एन्टेरोबॅक्टर या आतड्यातल्या जिवाणूबद्दलही तेच शिकवते. त्याचं अ‍ॅम्प-सी हे औषध फोडणारं एन्झाइम बनवणारं जनुकही एरवी दबलेलं असतं, तिसऱ्या पिढीची सेफॅलोस्पोरिनं एस दिसतात, आणि उपचार चालू असताना कायम उघड्या जनुकाचे जिवाणू निवडून वर येतात.

एका निर्णयाबद्दल मी अजून अस्वस्थ आहे. डी आलेल्या प्रत्येक रुग्णाला क्लिंडामायसिन निरुपयोगीच ठरतं असं नाही. लहान, पूर्ण मोकळा केलेला गळू असेल, जिवाणू थोडे असतील, तर ते काम करूही शकतं. प्रमाणित मार्गदर्शक सूचनांतही तशी मुभा आहे. तरी आम्ही सरळ आर लिहितो आणि ज्याला दुसरी औषधं चालत नाहीत अशा रुग्णासाठी सर्जनांनी फोन करावा असं ठरवलं आहे. हे लेखी नाही. फोन न करणारा नवा डॉक्टर आला तर ही व्यवस्था कोसळेल, म्हणून ती लेखी करायला हवी.

स्लँट ठेवायची ताईंची सवय मात्र आता विभागाचा नियम आहे, रुग्ण घरी जाऊन महिना होईपर्यंत.

गेल्या सोमवारी हाताच्या गळूचा पू आला. फॉर्मच्या रकान्यात वॉर्डातल्या नर्सनं निळ्या पेननं लिहिलं होतं: ‘अ‍ॅझिथ्रो, ३ दिवस, गावात.’ मंगळवारी ताईंनी लॉन पसरलं, दोन डिस्क ठेवल्या, डब्यातली पुठ्ठ्याची पट्टी मधे धरून पाहिली आणि प्लेट उलटी करून इन्क्युबेटरमध्ये सरकवली.